शेवट नसलेला निबंध

कॉलेजातल्या नकला पकडायचं काम एतुआलेनं आपण होऊन अंगावर घेतलं. त्याला कुणी गळ घातली नव्हती, पगार वाढणार नव्हता, आणि बायको फुआतिनो तर ‘गप्प बसा’ असं स्वच्छ म्हणाली होती. पण बक्षीससमारंभात जे झालं त्यानंतर गप्प बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं. आपिया शहरातल्या त्या लहानशा कॉलेजात एतुआले सामोअन भाषा आणि निबंध शिकवायचा. ‘संकटात माणसानं कसं वागावं’ या विषयावर एका मुलानं लिहिलेला निबंध त्याला इतका आवडला, की समारंभात सगळ्या पालकांपुढं तो त्यानं स्वतः वाचून दाखवला. योग्य तिथं आवाजाला कंप दिला. ‘घाबरू नका. आधी स्वतःला बांधून घ्या, मग लेकरांना बांधा,’ या वाक्यावर तर तो मुद्दाम थांबला, लोकांच्या मनात ते मुरावं म्हणून. त्या शांततेत मागून एका बाईनं पुढचं वाक्य म्हटलं, ‘शिट्टी जॅकेटच्या डाव्या खांद्याला आहे.’ ती बाई सवाइई बेटाला जाणाऱ्या बोटीवर तिकिटं फाडायची. निबंध म्हणजे बोटीतली सूचना होती, अथपासून इतिपर्यंत. हसायला पहिली सुरुवात प्रिन्सिपॉल लूसियाबाईंनी केली, हे एतुआलेला जास्त लागलं.

पुढच्याच बैठकीत तो उठून उभा राहिला. “मी सगळ्या शिक्षकांना मदत करीन. यापुढं या कॉलेजात एक ओळसुद्धा चोरीची खपणार नाही.”

“करा ना,” लूसियाबाई म्हणाल्या. “मागची कोठी देते. जुना कॉम्प्युटर देते. फक्त पैसे मागू नका.”

कोठी कॉलेजच्या अगदी टोकाला होती. दाराशीच, ज्यांनी कॉलेजला जमीन दिली त्या घराण्यातल्या कुणा म्हातारबुवांचं थडगं होतं. शिपाई त्यावर आपले कपडे वाळत घालायचा, त्यामुळे थडग्याची भीती कुणाला नव्हती. भीती कोठीचीच वाटायची, कारण आत सगळ्या जुन्या निबंधांचे गठ्ठे नारळाच्या सुंभानं बांधून छतापर्यंत रचलेले होते आणि वारा नसतानाही ते कुरकुरायचे. वाळवी असेल, असं एतुआले म्हणायचा. आवाज ऐकू आला की जरा मोठ्यानं म्हणायचा.

हे गठ्ठेच त्याला हवे होते. आमच्याकडे निबंध घरात टिकतो. थोरल्याला चांगले मार्क मिळवून देणारा निबंध शर्टासारखा धाकट्याकडे येतो, त्याच्याकडून चुलतभावाकडे जातो. म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या नक्कल पकडणाऱ्या यंत्राला जुने निबंध खाऊ घातल्याशिवाय नवी चोरी पकडली जाणार नव्हती. यंत्राला हस्ताक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं टाइप करणं आलं. ते काम शेजारच्या सिमीनं घेतलं. सिमी बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेला, त्याची बोटं अजून शिवशिवत असायची. रोज फुआतिनोच्या हातचा कोको आणि पानीकेके नावाची गरम गोड भजी एवढ्यावर तो राबायला तयार झाला.

पहिल्याच आठवड्यात एतुआलेनं त्याचं काम तपासलं. “सिमी, मूळ निबंधात या पोराची आई मरते. तुझ्यात ती नुसती आजारी पडते.”

“हो, मी बरी केली तिला. एवढ्याशा पोराच्या आईला कशाला मारायचं?”

“अरे, जसंच्या तसं उतरवायचंय!”

“मग आधी सांगायचं. कोको संपलाय.”

अखेर यंत्र सुरू झालं. मुलांचे नवे निबंध त्यात घातले आणि एतुआले हात चोळत बसला. यंत्र जिथं चोरी दिसेल तिथं लाल रंग भरायचं. बघता बघता सगळं कॉलेज लाल झालं. एकही मूल सुटलं नाही. एतुआलेला आधी आनंद झाला, मग घाम फुटला. आमच्यात तोंड उघडायचं म्हणजे आधी गावाच्या मानकऱ्यांना ज्याच्या त्याच्या मानानं वंदन, मग पाद्रींना, मग आपली लायकी नसताना बोलतोय त्याबद्दल क्षमा. हे शब्द पिढ्यान् पिढ्या तेच. त्यातला एक शब्द इकडचा तिकडं केला तर भर सभेत कुणीतरी उठून पाणउतारा करतं. यंत्राला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मते आम्ही सगळे वाडवडिलांपासून चोर होतो. पहिल्या यादीत एतुआलेनं वर्गाला दिलेला नमुना निबंधही होता.

तो दोष त्यानं कसाबसा दूर केला. मग गंमत म्हणून लूसियाबाईंचं स्वागताचं भाषण यंत्रात घातलं. ते आधीच्या प्रिन्सिपॉलांचं निघालं, आणि त्यांचं त्यांच्या आधीच्यांचं. कुणीतरी नाव बदलायला विसरलं होतं, त्यामुळे लूसियाबाई गेली कित्येक वर्षं शेवटच्या परिच्छेदात स्वतःला ‘मी, तुमचा भाऊ तोमासी’ म्हणत होत्या. ही बातमी एतुआलेनं कुणालाही सांगितली नाही, फक्त सिमीला सांगितली. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत एतुआले शिरला की बनपावाची बशी कपाटात जायची.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग साउनोआचा निबंध आला.

साउनोआ फेतुआओ ही दक्षिण किनाऱ्याकडची मुलगी. शहरात काकाकडे राहून शिकायची, वर्गात मागं बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. न्यूझीलंडला शिकायला पाठवायच्या शिष्यवृत्तीसाठी कॉलेजातून तिचं एकटीचं नाव पुढं गेलं होतं. सोबत एक निबंध जायचा आणि तो तिचाच आहे असं एतुआलेनं सहीनिशी लिहून द्यायचं होतं. विषय होता ‘माझं घर’. निबंध वाचताना एतुआलेच्या अंगावर काटा आला होता, इतका तो जिवंत होता. फक्त तो मध्येच तुटला होता. शेवटचं वाक्य अर्धं. त्याखाली त्यानं ‘शेवट नाही, घाई केलीस’ असं लिहून मार्क कापले होते. यंत्रात घालायचा तो केवळ उपचार म्हणून.

संध्याकाळ झाली होती. सांजप्रार्थनेचा शंख वाजला, रस्ता ओस पडला, आणि आजूबाजूच्या घराघरांतून गाणं सुरू झालं. कोठीत एतुआले एकटा होता. पडदा वरून खाली लाल होत गेला. स्वल्पविरामसुद्धा सुटला नाही. अर्ध्या वाक्याशी येऊन लाल रंग थांबला, कारण जुना निबंधही तिथंच थांबला होता, त्याच शब्दावर.

खाली जुन्या निबंधाच्या लेखिकेचं नाव होतं: साउनोआ फेतुआओ.

एतुआले मोठ्यानं हसला. यंत्रानं पोरीला तिच्याशीच ताडून पाहिलं होतं. मग त्यानं निबंध जमा केल्याची तारीख पाहिली. ती लाटेच्या वर्षाची होती. दक्षिणेकडची गावं समुद्रानं ज्या सकाळी धुऊन नेली, तिच्या आदल्या दिवसाची. आपली साउनोआ तेव्हा जन्मलीही नव्हती.

त्यानं तो गठ्ठा खाली ओढला. बाकीच्या सगळ्या गठ्ठ्यांवर मास्तरांची लाल शाई होती, याच्यावर एक रेघ नव्हती. तपासणारे मास्तरही त्याच किनाऱ्याचे होते. निबंध गोळा करून, गठ्ठा इथंच ठेवून ते गावी गेले, आणि परत आले नाहीत. कागदाला खारट वास येत होता. निदान एतुआलेला तरी आला. तेवढ्यात बाहेर, थडग्याच्या बाजूला, कुणीतरी शीळ घातली.

तिन्हीसांजेला आमच्याकडे माणसं शीळ घालत नाहीत. एतुआले गठ्ठा छातीशी धरून पळाला.

प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर पळणारा मास्तर गावानं तोवर पाहिला नव्हता. त्या वेळी कुणी फिरू नये म्हणून राखणीला उभ्या असलेल्या पुरुषांनी त्याला अडवलं आणि प्रार्थना संपेपर्यंत रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसवलं. त्यातल्या दोघांना त्यानं शिकवलं होतं. दोघांनाही त्यानं नापास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं साउनोआला बोलावलं. “खरं सांग. हे कुठून घेतलंस?”

“घेतलं नाही, सर. घरचं आहे.”

“घरचं म्हणजे? कुणी लिहिलं?”

“लिहिलेलं नाहीच ते कुठं.”

त्यानं जुना कागद तिच्यापुढं धरला. मुलीनं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “माझी आत्या,” ती म्हणाली. “तिचंच नाव मला ठेवलंय. पण सर, आत्याचं काहीच उरलेलं नाही. फोटोसुद्धा नाही. ती पण सापडली नाही.” मग तिनं हळूच विचारलं, “हे तिचं अक्षर आहे?” एतुआले चोर पकडायला बसला होता, आणि आता त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बातमी सिमीकडून गावभर झाली. “आइतू आहे,” सिमी म्हणाला. आइतू म्हणजे मागं रेंगाळलेला आत्मा. “पोरीनं न विचारता तिचे शब्द वापरले. ती परत मागायला आलीय. आणि उतरवले कुणी? माझ्या या बोटांनी!” त्यानं बोटं खोबरेल तेलात बुडवून ठेवली आणि टाइप करणं सोडलं. बायका दिवेलागणीला केस बांधून घ्यायला लागल्या. शिपायानं थडग्यावरचे कपडे काढून घेतले. फुआतिनोनं तो गठ्ठा घरात घ्यायला साफ नकार दिला, म्हणून एतुआलेनं तो मागच्या चुलीच्या छपरात ठेवला. तेव्हापासून कोंबड्या तिकडं फिरकेनात. फुआतिनोनं हा पुरावा मानला. एतुआलेनं मानला नाही, पण अंडी शोधायला तोही गेला नाही.

खरा घोटाळा कॉलेजच्या नियमानं केला. नियम असा होता, की नक्कल करणारा आणि करू देणारा, दोघांनाही समितीपुढं बोलावलंच पाहिजे.

“बाई, करू देणारी मेलेली आहे,” एतुआले म्हणाला.

“नियमात तशी सूट नाही,” लूसियाबाई म्हणाल्या. भाषणाची गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. “नियम तुम्हीच लिहिलात. सही बघा.”

सही त्याचीच होती. कारकुनानं रीतसर दोन समन्स काढले. दुसरा, ‘साउनोआ फेतुआओ, माजी विद्यार्थिनी’ या नावानं, दफ्तरातल्या शेवटच्या पत्त्यावर गेला. त्या पत्त्यावर आता समुद्र आहे. पण आमच्या बसड्रायव्हरांना कोण कुठं राहायला गेलं हे ठाऊक असतं, त्यामुळे कागद डोंगरावरच्या नव्या घरी, साउनोआच्या आजीच्या हातात बरोबर पोचला.

उत्तर त्याच बसनं आलं, तोंडी. ड्रायव्हर एतुआलेच्या दारात उभा राहिला आणि नजर चुकवत म्हणाला, “तालिंगी आजीनं सांगितलंय. साउनोआला बोलावलंत, म्हणजे ती कुठं आहे हे तुम्हाला कळलेलं दिसतंय. कळलं असेल तर तसं येऊन सांगा.”

एतुआले ओट्यावर मटकन बसला. मग फुआतिनोनंच छपरातून तो कागद काढून आणला, स्वतःच्या हातानं, आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. “जा,” ती म्हणाली. “मोकळ्या हातानं जाऊ नका. बीफचे डबे न्या.”

शनिवारी तो साउनोआबरोबर निघाला. बस गच्च भरलेली. आमच्या बसमध्ये जागा नसेल तर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात. एतुआलेच्या मांडीवर चांगल्या भरल्या अंगाच्या एक बाई बसल्या आणि त्यांनी वळून विचारलं, “छातीशी काय धरलंय एवढं?” तेवढ्यात पलीकडून कुणीतरी म्हणालं, “हेच ते. मेलेल्यांना समन्स पाठवणारे.” बाई ताडकन उठल्या. उरलेला सगळा प्रवास एतुआलेच्या आजूबाजूची बाकं रिकामी राहिली, आणि उभी माणसं धक्के खात उभीच राहिली.

घर डोंगरावर होतं. अंगणात पांढरं धुतलेलं थडगं होतं, प्लास्टिकची फुलं घातलेलं. त्यात कुणी नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आजी खांबाला टेकून बसली होती. डोळे अधू झालेले, पाठ मात्र ताठ. घरात साउनोआचे आईबाप होते, धाकटी भावंडं होती.

“आजी, मी क्षमा मागायला—”

“आधी प्रार्थना, मास्तर. मग जे काय ते बोला.”

प्रार्थना झाली. एतुआलेला वाटलं, आता बोलावं. पण कुणी हललं नाही. आजीनं डोळे मिटले आणि सपाट आवाजात म्हणायला सुरुवात केली:

“आमचं घर समुद्राकडं तोंड करून बसलंय. त्याला भिंती नाहीत, त्यामुळे कोण उपाशी निजलं हे साऱ्या गावाला कळतं. आई सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या मागून निजते. मधल्या वेळात ती ओरडते.”

एतुआलेच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्यानं कागद काढला आणि ओळींवरून बोट फिरवायला लागला. शब्दाला शब्द जुळत होता. जिथं स्वल्पविराम, तिथं म्हातारी श्वास घेत होती. पोरं ओठ हलवत होती, साउनोआही हलवत होती. तिचं ‘घरचं आहे’ म्हणजे काय, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. लेकीनं एकदा वाचून दाखवलेलं आजीनं काळजात जपलं होतं, आणि इतकी वर्षं रोज सांजेला ती ते म्हणत आली होती.

“भरती आली की आई खांबाला धरून उभी राहते आणि,” आजी म्हणाली, आणि थांबली.

सगळे थांबले. मग आजीची सून ताटं घ्यायला उठली. “झालं,” आजी म्हणाली. “एवढंच आहे.”

एतुआलेनं कागद खाली घेतला. तो दिव्यासमोर आला, आणि पलीकडची शाई उजेडात आरपार दिसली. कागद पाठपोट होता. सिमीनं तो उलटलाच नव्हता. बंदराच्या कचेरीतले कागद एकाच बाजूला लिहिलेले असायचे.

त्यानं पान उलटलं, आणि आपण वाचतोय हे कळायच्या आत वाचायला लागला. “आणि डोकी मोजते. आम्ही सगळे आत असलो तरी पुन्हा मोजते. एक जरी कमी भरलं तरी तिला झोप लागत नाही.”

सुनेच्या हातातलं ताट खाली आलं. आजीनं डोळे उघडले.

“एवढं मी आईला वाचून दाखवलं,” एतुआले वाचत गेला. “आणि पाहिलं तर आई गाढ झोपलेली.”

“झोपले नव्हते मी,” आजी एकदम म्हणाली. “डोळे मिटून ऐकत होते.”

एतुआलेनं पुढच्या ओळीकडं पाहिलं आणि तो थांबला. त्याला ती वाचवेना. साउनोआनं त्याच्या हातातून कागद घेतला.

“उद्या विचारलं तर म्हणेल,” तिनं वाचलं, “झोपले नव्हते मी, डोळे मिटून ऐकत होते. मी वाद घालणार नाही. दिवसभर राबलेली बाई आहे. मार्क मिळाले की सगळा निबंध तिला पहिल्यापासून वाचून दाखवीन, आणि या वेळी आधी कोको पाजीन.”

खाली, दूर, समुद्राचा आवाज येत होता. मग आजीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. एतुआले घाबरला. पण ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “लबाड पोरगी,” ती म्हणाली. “मी झोपले हे तिनं लिहूनसुद्धा ठेवलं. आणि मी आजवर कुणाला सांगितलं नाही हो. एवढंच आहे, एवढंच आहे, असं म्हणत राहिले. तिनं शेवटचं वाचून दाखवलं, आणि मी झोपले.”

तिनं कमरेला गुंडाळलेल्या लाव्हालाव्हाच्या पदरानं तोंड पुसलं. “मग मार्क किती मिळाले?”

“दिलेले नाहीत, आजी. तपासायचा राहिला.”

“मग द्या की. त्याशिवाय ती वाचायची कशी?”

एतुआलेनं पेन काढलं. त्यानं जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. ते त्यानं दिले, आणि त्याखाली लिहिलं, ‘शेवट उत्तम’.

“उगाच देऊ नका,” आजी म्हणाली. “तिचं शुद्धलेखन कच्चं होतं.”

त्यानं पाहिलं. होतं खरं. त्यानं एक मार्क कापला, आणि आजीचं समाधान झालं.

“आणि तू,” तो साउनोआला म्हणाला, “आपल्या निबंधाखाली लिही, हे शब्द कुणाचे आणि तुझ्यापर्यंत कुणी आणले. तेवढं लिहिलंस की ही चोरी राहत नाही. मग पुढं तुझं घर तू लिही. समितीचं मी बघतो, लूसियाबाईंचंही.”

कोको आला. साउनोआनं कागद दिव्याजवळ धरला आणि वाचायला तोंड उघडलं.

“थांब,” आजी म्हणाली. ती खांबाला धरून उठली आणि बोट फिरवत सगळ्यांची डोकी मोजू लागली. एतुआलेचंही मोजलं. तिचं बोट साउनोआशी आलं, मग तिच्या हातातल्या कागदाशी, आणि तिथं क्षणभर थांबलं.

“हं, वाच आता,” ती म्हणाली. “सगळे आत आहेत.”